इतके दिवस गप्प का?

३ जून २०२५ च्या रात्री धारवाडात कुणाला झोप नव्हती. अठराव्या हंगामात आरसीबीने अखेर आयपीएल जिंकली होती. आमच्या मालमड्डीच्या बोळात फटाके वाजत होते, पोरं ‘ई सल कप नम्दे’ (यंदा कप आमचाच) ओरडत फिरत होती. घरात आम्ही मराठी बोलतो, पण संघ बेंगळुरूचाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने लाइन बाजारातून पेढे आणून शेजारीपाजारी वाटले. गोलंदाज यश दयालचं नाव त्या दिवसांत आमच्याकडे घरच्या पोरासारखं घेतलं जायचं. ३ मे ला चेन्नईला शेवटच्या षटकात १५ धावा हव्या होत्या, तेव्हा त्यानेच २ धावांनी सामना राखला होता.

जुलैत वेगळीच बातमी आली. गाझियाबादमध्ये एका तरुणीच्या तक्रारीवरून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेचं कलम ६९, म्हणजे लग्नाचं खोटं वचन देऊन लैंगिक संबंध ठेवल्याचा आरोप. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच्या अटकेला स्थगिती दिली. त्याच महिन्यात जयपूरला पोक्सोखाली दुसरा गुन्हा दाखल झाला. त्याने आरोप नाकारले आहेत. खरं काय ते न्यायालय ठरवेल. तो निकाल मी इथे देणार नाही.

आमच्या सोप्यावर मात्र तो बातमी आली त्याच संध्याकाळी लागला. “पैशासाठी चाललंय सगळं,” दादा म्हणाला. “खरं असतं तर इतके दिवस गप्प का बसली?” तेवढ्यात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एका मुलीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, ‘हीच ती’.

माझी भाची, दादाची मुलगी, सतरा वर्षांची आहे. रोज पहाटे आर. एन. शेट्टी स्टेडियमवर धावायला जाते. त्या वेळी ती उंबऱ्याशी बसून बुटांच्या खिळ्यांत अडकलेली तांबडी माती काडीने कोरून काढत होती. दादाचं वाक्य ऐकून तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. ती एक शब्द बोलली नाही.

फोटो काढून टाका, असं मी ग्रुपवर लिहिलं. अशा प्रकरणात तक्रारदार स्त्रीची ओळख उघड करणं हा त्याच संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. “आम्ही फक्त पुढे पाठवला,” असं उत्तर आलं. तो फोटो भलत्याच मुलीचा असेल तर तिचं काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

नामवंत खेळाडूवर आरोप झाला की तो खराच असतो, असं मी म्हणत नाही. मुष्टियोद्धा माइक टायसनला १९९२ मध्ये इंडियानापोलिसच्या ज्यूरीने बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलक २०२३ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपातून सिडनीच्या न्यायालयात निर्दोष सुटला. दोन्ही वेळा साक्षीपुरावे झाले, उलटतपासणी झाली, मगच निकाल लागला. आरोपीला संशयाचा फायदा मिळायलाच हवा. पण तो देताना तक्रार करणारीला आधीच खोटारडी ठरवण्याची गरज नसते.

आणि गप्प बसण्याचं म्हणाल, तर दिल्लीतलं जंतरमंतर आठवा. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक यांच्यासारख्या कुस्तीपटू लैंगिक छळाचे आरोप करत कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांविरुद्ध तिथे धरणं धरून बसल्या. त्या अध्यक्षांनीही आरोप नाकारले. पण नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला २८ एप्रिल उजाडला, तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेल्यावर. साक्षीच्या गळ्यात ऑलिंपिकचं पदक होतं. जिच्या गळ्यात काहीच नाही, तिने कुणाच्या दारात जायचं?

निदान घरच्यांच्या, असं मी समजत होते. पंधरा दिवसांनी भाची आणि मी बसने हुबळीला निघालो होतो. नवलूर मागे पडलं तेव्हा खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “आत्या, माझ्या बाबतीत कधी काही झालं, तर मी तुला सांगेन. बाबांना नाही सांगणार.” दुकानातून काय आणायचंय ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात. काही झालंय का, हे मी तिला तिथेच, हात धरून विचारलं. नाही म्हणाली. खरंच काही झालं नव्हतं. पण कुणाला सांगायचं नाही, हे तिचं आधीच ठरलं होतं.

दादा वाईट बाप नाही. थंडीवाऱ्यात तिला गाडीवरून मैदानावर सोडणारा तोच. रात्री मी त्याला हे सांगितलं, तेव्हा तो कितीतरी वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अगं, मी तिच्याबद्दल थोडंच बोलत होतो?”

नव्हता बोलत. पण ऐकत तीच होती.