बव्हेरिया, मुक्काम पोस्ट अमेरिका

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे नाही, असा माझा फार दिवसांचा निश्चय होता. परदेशी जाऊन आलेला माणूस आणि नुकतेच मुलीचे लग्न उरकलेला बाप, यांना एकदा बोलते केले की ऐकणाऱ्याची सुटका नसते. पण संपादकांनी दिवाळीनिमित्त या सदराला जागा वाढवून दिली, आणि गेल्या मे महिन्यात मी अमेरिकेला जाऊन आले. तेव्हा वाचकांनी या वेळेपुरते सांभाळून घ्यावे.

मला अमेरिकेत उंच इमारती पाहायच्या नव्हत्या. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते. या काळात भाषांतरित कादंबऱ्यांच्या वाटेने युरोपातले एक खेडे माझ्या मनात वस्तीला आले आहे. उतरत्या छपरांची घरे, खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या, मधोमध चर्चचा मनोरा, आणि दूधवाल्याला नावाने हाक मारणाऱ्या बायका. युरोपच्या सहलीइतके पैसे प्राध्यापकिणीच्या संसारात साठत नाहीत. धाकटा भाऊ मात्र सिॲटलला असतो, आणि तिकीट त्याने पाठवले होते. फोनवर मी त्याला म्हटले, "तुझ्या देशात तसले एखादे गाव असेल तर तेवढे दाखव."

तो म्हणाला, "ताई, एक कशाला, डझनभर आहेत! इथे तुला डेन्मार्क मिळेल, हॉलंड मिळेल, स्वित्झर्लंडही मिळेल. पासपोर्टावर शिक्का तेवढा उमटायचा नाही."

स्वित्झर्लंड मला आधी भेटले. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे माझी एक जुनी विद्यार्थिनी असते. जाताना चार दिवस तिच्याकडे उतरले होते, तेव्हा ती मला मोटारीने पाऊण तासावरच्या न्यू ग्लॅरस नावाच्या गावी घेऊन गेली. टेकड्यांच्या कुशीत बसलेले, टुमदार, लाकडी सज्जांचे गाव. गायी चरत होत्या आणि दुकानांतून चीजचा वास येत होता. माझ्या मनातले खेडे कोणी तरी उचलून तिथे ठेवले आहे, असेच मला वाटले.

गावाची कथाही अस्सल निघाली. स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस प्रांतात १८४० नंतर फार हलाखी आली. घरगुती विणकामाचा धंदा बसला, पिके बुडाली. तेव्हा लोकांनी मिळून एक मंडळ काढले, दोन माणसे पुढे पाठवून जमीन विकत घेतली, आणि एप्रिल १८४५ मध्ये १९३ माणसे निघाली. ऑगस्टात जागेवर पोहोचली १०८. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला वीस एकर जमीन आली. आधी त्यांनी गहू लावला. गव्हाने जमीन थकल्यावर गायी बाळगल्या, आणि चीज करू लागले. १९३८ पासून गावकरी शिलरचे 'विल्हेल्म टेल' मोकळ्या रानात सादर करू लागले. नट गावातले आणि गायीही गावातल्याच! हे ऐकून मी इतकी हरखले की विद्यार्थिनीला म्हणाले, "याला म्हणतात अस्सल." वर्गात शिकवताना येतो तो सूर आवाजात आला असणार, कारण तिने लगेच मान डोलावली.

हा अस्सलपणाचा चष्मा डोळ्यांवर चढवूनच मी सिॲटलला पोहोचले, आणि पहिल्याच दिवशी एक आगळीक करून बसले. भावाच्या गॅरेजमध्ये भिंतीला पुठ्ठ्याचा एक भला मोठा दरवाजा टेकून ठेवलेला होता. गेल्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळींनी हॉलमध्ये उभा केलेला तो शनिवारवाडा. दिल्ली दरवाजावरचे खिळे म्हणून आइस्क्रीमचे कागदी कोन काळे रंगवून चिकटवलेले. वर पाटी होती, तिच्यावर 'शनीवार वाडा' असे लिहिले होते. 'नी' दीर्घ, आणि वाडा तुटून पलीकडे गेलेला! मी खो-खो हसले आणि म्हणाले, "पेशव्यांचा वाडा आगीत गेला ते एक बरे झाले. निदान ही पाटी तरी त्यांना वाचावी लागली नाही." भाऊ हसला. भावजय हसली नाही. ती चहा टाकायला आत गेली.

त्या शनिवारी आम्ही सगळे लेव्हनवर्थला निघालो. मी, भाऊ, भावजय आणि नऊ वर्षांचा भाचा. सिॲटलपासून पूर्वेला साधारण १९० किलोमीटर. रस्ता कॅस्केड पर्वत ओलांडून जातो. मे महिना असूनही शिखरांवर बर्फ होते. खिंड उतरलो तशी वेनाची नदी सोबतीला आली, आणि एका वळणावर समोर चक्क बव्हेरिया उभे राहिले. उतरती छपरे, कोरीव सज्जे, भिंतींवर रंगवलेली चित्रे, खिडक्यांत लाल फुले, आणि मागे खरोखरचे डोंगर. क्षणभर मी गप्प झाले.

पण तो क्षणभरच. मग माझे लक्ष पाट्यांकडे गेले. शिक्षकाचे डोळे, दुसरीकडे कुठे जाणार? पेट्रोल पंपाची पाटी जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत. हॅम्बर्गरच्या दुकानाचीही तशीच. असा गावाचा नियमच आहे म्हणे. इमारत कसलीही असो, तिने बव्हेरियन पोशाख घातलाच पाहिजे. एका दुकानात लाकडी बाहुल्या विकणाऱ्या आजीबाई बसल्या होत्या. मी मोठ्या आदराने विचारले, "आपले पूर्वज बव्हेरियाहून कधी आले?"

त्या हसल्या. "बव्हेरिया? माझे वडील इथल्या लाकडाच्या गिरणीत कामाला होते. बव्हेरिया मी अजून पाहिले नाही."

मग त्यांच्याकडून आणि भावाकडून मिळून मला सगळी हकीकत कळली. लेव्हनवर्थ हे मुळात रेल्वेचे आणि लाकूडकापीचे गाव. १९२० नंतरच्या काही वर्षांत रेल्वेने आपले ठाणे तिथून हलवले, पुढे लाकडाची गिरणीही गेली. माणसे पोटामागे निघून गेली, आणि मुख्य रस्त्यावरच्या दुकानांना फळ्या लागल्या. तीसएक वर्षे गाव असे झिजत राहिले. १९६२ साली गावकऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मदतीने बैठका घेतल्या. आपले काय चुकते आणि आपल्याजवळ काय आहे, याची यादी केली. जवळ होते ते एवढेच: डोंगर, नदी आणि बर्फ. टेड प्राइस आणि बॉब रॉजर्स हे दोघे तिथे हमरस्त्यावर उपाहारगृह चालवत. त्यांनी कॅलिफोर्नियातले सॉल्व्हँग पाहिले होते. त्यांनी सुचवले की आपले डोंगर आल्प्ससारखे आहेत, तर त्यांच्या पायथ्याचे गावही आल्प्समधले का असू नये? कल्पना वेडगळ होती. पण दुकानदारांनी एकामागून एक आपापल्या दुकानांचे दर्शनी भाग पदरच्या पैशाने, कर्ज काढून बदलले. ज्यांनी बव्हेरिया पाहिले नव्हते, त्यांनी चित्रांवरून सज्जे कोरले. आणि लोक येऊ लागले.

ज्या सॉल्व्हँगचा कित्ता लेव्हनवर्थने गिरवला, त्याची कथाही मोठी गमतीची आहे. ते गाव १९११ साली डॅनिश शिक्षकांनी वसवले. पण तिथल्या आरंभीच्या बऱ्याच इमारती कॅलिफोर्नियाच्या रिवाजाप्रमाणेच होत्या. १९४७ साली एका लोकप्रिय अमेरिकन साप्ताहिकात या डॅनिश गावावर लेख आला. तो वाचून लोक डेन्मार्क पाहायला येऊ लागले, आणि मग गाव अधिकाधिक डॅनिश होत गेले. पवनचक्क्या उभ्या राहिल्या, घरांचे चेहरे बदलले. साप्ताहिकात लिहिणाऱ्यांनी आपण काय लिहितो याची थोडी भीती बाळगावी, ती अशासाठी.

परतीच्या वाटेवर मी निकाल दिला. म्हटले, "छान आहे, पण सगळे नाटक. न्यू ग्लॅरसची सर नाही. ते अस्सल, हे नकली."

मोटारीत कोणी बोलले नाही. भाचा झोपला होता. बऱ्याच वेळाने भावजय म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या लोकांनी तसंच बसून राहायला हवं होतं का? अस्सल पडक्या गावात?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. ती पुढे म्हणाली, "आमच्याजवळ इथे काय आहे सांगा. वाडा नाही, देऊळ नाही, नदीचा घाट नाही. पुठ्ठा आहे आणि शनिवार-रविवार आहे. तेवढ्यात जे होतं ते करतो."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. आणि मला न्यू ग्लॅरसमध्ये पाहिलेली, पण हरखून गेल्यामुळे लक्षात न घेतलेली एक गोष्ट आठवली. तिथे जुन्या वसाहतीचे एक संग्रहालय आहे. पहिल्या स्विस माणसांनी बांधलेल्या घराचा नमुना त्यात आहे, आणि तो आहे साध्या ओंडक्यांच्या झोपडीचा. सज्जा नाही, कोरीव काम नाही. त्या काळी तिथे कोणीही बांधले असते, तसेच ते घर. विद्यार्थिनीने मला हेही सांगितले होते की गावातला दूध आटवण्याचा कारखाना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला, आणि त्यानंतर दुकानदारांनी दर्शनी भाग स्विस पद्धतीचे करायला घेतले. म्हणजे ज्या सज्ज्यांवर मी भाळले होते, त्यांतले बरेचसे लेव्हनवर्थच्याच पिढीतले, आणि त्याच गरजेतून आलेले. भूक लागली तेव्हा एका गावाने आजोबांची पेटी उघडली. दुसऱ्याला पेटीच नव्हती, त्याने शेजारच्याचा अंगरखा मागून आणला.

आणि मी तर मराठीची शिक्षिका! गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' १८९० साली आला. तो शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे रूपांतर आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. रूपांतर म्हणजे नक्कल नव्हे, हेही सांगते. मूळ कोणाचे, यापेक्षा ते आपल्या रंगभूमीवर उभे राहिले की नाही हे पाहा, असे मुलांना बजावते. मग नाटकाला लावते तो न्याय एका गरीब गावाला लावताना माझी जीभ का अडखळावी?

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. लेव्हनवर्थ आहे त्या भागात पूर्वी वेनाची लोकांची सामन मासे धरण्याची जागा होती. १८५५ च्या तहात ती त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे वचन दिलेले होते. ते पाळले गेले नाही. मी पाहिलेल्या भिंतींवर आल्प्सच्या गायी होत्या आणि घागरेवाल्या मुली होत्या. त्या लोकांचे चित्र मला कुठे दिसले नाही. उसना अंगरखा घालण्यात लाज नाही. पण त्याखाली कोणाचे अंग होते, हे विसरू नये. बव्हेरियाची आठवण जागवणाऱ्या गावाला स्वतःच्या नदीची आठवण जड होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

तेव्हा अमेरिकेत जाऊन युरोपचे खेडे पाहायची कोणाला हौस असेल, तर त्यांनी ही गावे जरूर पाहावीत. सज्जे पाहावेत, चीज खावे. पण तिथल्या एखाद्या दुकानदाराला विचारावे की हे सगळे तुम्ही कधी आणि का केले. सज्ज्यापेक्षा ते उत्तर अधिक पाहण्यासारखे असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले. मनाशी ठरवले होते की त्या दरवाजावरची पाटी आपल्या हाताने नीट लिहून द्यायची. फळ्यावर लिहून लिहून माझे अक्षर बरे झाले आहे. आगळिकीची तेवढीच भरपाई. मी ब्रश मागितला.

भावजय क्षणभर घुटमळली. मग म्हणाली, "राहू द्या ताई. ती पाटी याने लिहिलीय. पहिल्यांदाच मराठीत लिहिलं त्याने. कोणी अक्षर काढून दिलं नव्हतं, नुसतं ऐकून लिहिलं."

भाचा दारात उभा होता. त्याने विचारले, "आत्या, काही मिस्टेक आहे का?"

वीस वर्षांत मी किती पेपर तपासले असतील, आणि किती ऱ्हस्व-दीर्घांना लाल शाईने गोल केले असतील, त्याची मोजदाद नाही. मी त्या 'नी'कडे पाहिले. ब्रश भावजयीच्या हातात परत दिला.

"नाही रे," मी म्हणाले, "बरोबर आहे."