नकुशीचे नाव आणि सातबारा

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एक आगळा नामकरण सोहळा झाला. 'नकुशी', 'नकोशी' या नावांनी वावरणाऱ्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. लागोपाठ मुली झाल्या की शेवटचीचे नाव 'नकुशी' ठेवावे, म्हणजे पुढे मुलगा होतो, अशी समजूत त्यामागे होती. या सोहळ्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र नाव बदलल्याने प्रश्न सुटला, असे आम्हांस वाटत नाही.

'नकुशी' हे नाव क्रूर खरेच. पण ते धारण करणारी मुलगी निदान जन्माला आली होती, शाळेच्या पटावर होती. सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी पोहोचले आणि नावाचीही गरज उरली नाही. सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९२४ मुली होत्या. २००१ साली त्या ८५१ झाल्या. २०११ मध्ये हा आकडा ८६७ वर आला, म्हणून हायसे वाटावे, तोच मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला ओढ्यालगत पुरलेले १९ भ्रूण सापडले.

याला अज्ञान म्हणता येणार नाही. हा कृष्णाकाठचा बागायती मुलूख. साखर कारखान्यांचा, शिक्षणसंस्थांचा. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातलेच. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने गरोदर स्त्रियांच्या साहाय्याने सापळे रचून असे दवाखाने उघडकीस आणले. कायद्याने डॉक्टर पकडता येतो. डॉक्टरकडे धाडणारा घरातला हिशेब पकडता येत नाही.

तो हिशेब जमिनीचा आहे. वाटण्या होत होत शेत गुंठ्यांवर आले, अपत्ये दोनवर आली. त्यांत जमीन 'घरात' ठेवणारा एक तरी हवाच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला. व्यवहारात काय होते, हे वाचकांस ठाऊक आहे. वडील गेले की बहिणीला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, साडीचोळी घेऊन परत जाते, आणि गाव तिला शहाणी म्हणते.

मुलींना वाटा दिला तर त्या आणखीच नकोशा होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण त्यातच एक कबुली आहे: मुलगी नको असण्याचे मूळ केवळ अंधश्रद्धेत नसून मालकीत आहे. जिच्या नावे जमीन आहे, ती लेक म्हातारपणीचा आधार म्हणून गणली जाऊ शकते. जिने हक्क सोडला, ती पाहुणीच राहते.

आपल्या भाषेत नाव 'ठेवले' जाते आणि सातबाऱ्यावर नाव 'लागते'. २०११ साली साताऱ्याने पहिले काम केले. दुसरे काम सरकारी सोहळ्याने होणारे नाही. ते प्रत्येक भावाने, हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे न सरकवता, आपापल्या घरी करावयाचे आहे. आणि त्यात आम्हां शिकल्यासवरल्यांची घरेही आली.