दोरी बुडणारीच हवी
डॅलसकडच्या वाचकांनो, लेक फोर्क तलावावर १९९२ साली १८.१८ पौंडांचा बास मासा गळाला लागला, तो आजही टेक्सासचा विक्रम आहे. तिथे जाताना रबरी गांडुळाच्या रंगावर डोकं खपवायचं आणि दोरी हाताला लागेल ती लावायची, हे उफराटं आहे. गांडुळाचं आमिष खाली जाता जाताच बास तोंडात घेतो. हिसका बसत नाही, पाण्यावरची दोरी जराशी बाजूला सरकते, बस्स! साधा नायलॉनचा तंगूस ताणला जातो. वेणीची दोरी ताणली जात नाही, पण तरंगते आणि नितळ पाण्यात उठून दिसते. फ्लुरोकार्बनचा तंगूस बुडतो आणि फारसा दिसतही नाही. त्याची गाठ मात्र थुंकीने ओली करूनच आवळा, कोरडी आवळली की तिथेच तुटतो. दाट पाणवनस्पतींत वेणी लावा. एरवी फ्लुरोकार्बनच, दुसरं काही नको.