वेग कसला विचारता, चेंडू मोजा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, शाळकरी वेगवान गोलंदाजाबद्दल पहिला प्रश्न एकच: ‘स्पीड किती?’ मोबाईलने ताशी १२५ किलोमीटर दाखवले की घरचे खूश, कोचही खूश. शाळेत जो जास्त वेगाने टाकतो तोच उद्या भारताकडून खेळणार, ही समजूत मला साफ अमान्य आहे.

कमलेश नागरकोटी २०१८च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात १४५च्या पुढे टाकत होता. मग पाठीच्या दुखापतींनी त्याला दीर्घकाळ मैदानाबाहेर ठेवले. अमेरिकेत हंटर ग्रीन या हायस्कूलच्या बेसबॉल पिचरने २०१७ मध्ये ताशी १०२ मैल, म्हणजे १६४ किलोमीटर गाठले. २०१९ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि तो मोसम वाया गेला. उलट पालघरहून बोरिवलीला प्रशिक्षक दिनेश लाड यांच्याकडे शिकायला आलेला शार्दुल ठाकूर कधीच वेगाच्या आकड्यासाठी गाजला नाही. २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत त्याने सात बळी घेतले ते टप्प्याच्या आणि स्विंगच्या जोरावर.

‘जुने गोलंदाज दिवसभर टाकायचे, त्यांना काय झाले?’ असे विचारणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीला आठवावे. १९७३ मध्ये त्याच्या मणक्याला तडे गेले आणि पुढे त्याला शैली बदलावी लागली. तो तर पूर्ण वाढलेला पुरुष होता! पंधराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, कमरेचे मणके मात्र अजून पक्के झालेले नसतात. प्रत्येक चेंडूला पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्यात कंबर वाकते आणि पिळली जाते. दुखले की ‘कंबर भरली असेल’ म्हणून बाम चोळला जातो आणि दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा नेटमध्ये.

आणि हा भार पूर्ण मोजलाही जात नाही. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यातली षटके स्कोअरबुकात लिहिली जातात. सकाळचे शाळेचे नेट, संध्याकाळची अकादमी, रविवारची टेनिस बॉलची टुर्नामेंट, यांची बेरीज कोण करतो? अमेरिकी बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक नियमांत १५-१६ वर्षांच्या मुलाला दिवसाला ९५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ७६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही वयानुसार स्पेलची आणि दिवसाची मर्यादा घातली आहे.

हुकमी गोलंदाजाला थांबवले तर सामना हातचा जाईल, असे कोच म्हणतील. मग तिसरा-चौथा गोलंदाज तयार करा. ते त्यांचेच काम आहे. आणि पालकहो, एक वही घाला. मुलाने दिवसभरात कुठे किती चेंडू टाकले ते रोज लिहा, शाळेच्या आणि अकादमीच्या दोन्ही कोचना दाखवा, आणि कंबर दुखते म्हणाला तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या.