आंबील चालते, बीअर चालत नाही

येळवशीची उरलेली आंबील दुसऱ्या दिवशी कधी प्यायलात का? नसाल तर तुम्ही लातूर-धाराशिवकडचे नाही, आणि बीड जिल्ह्यातल्या आमच्या अंबाजोगाई-परळीच्या बाजूचेही नाही. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची खोप घालायची, पूजा करायची, भज्जी-बाजरीचे उंडे खायचे आणि वर बिंदगीतली आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मीठ. पहिल्या दिवशी ती आंबट-गार असते. दुसऱ्या दिवशी बिंदगीला कान लावला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येते. लहानपणी आम्ही पोरं ती पिऊन बाभळीखाली आडवे व्हायचो, आणि आबा (माझे चुलते) म्हणायचे, "चढली वाटतं पोरांना." सगळे हसायचे. गुन्हा वगैरे कुणाच्या डोक्यात यायचा नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे ओहायो. नोकरीनिमित्त काही वर्षं कोलंबस गावात होतो. शेजारचा म्हातारा दर महिन्याला गॅरेजमध्ये बीअर करायचा. डब्यातला तयार अर्क पाण्यात ढवळून नव्हे, थेट धान्यापासून. एका शनिवारी त्याने मलाही उभं केलं. साडेचार किलो भरडलेले, मोड काढून वाळवलेले सातू. सहलीला बर्फ न्यायचा जो प्लॅस्टिकचा डबा असतो त्यात गरम पाणी ओतून ते भिजवले. तापमान ६६ अंश, तासभर. "दोन-तीन अंश इकडंतिकडं झालं की चव बदलते," असं म्हणत तो दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघत होता. त्या तासात धान्यातल्याच पाचकांनी पिठाची साखर केली. झाकण उघडलं आणि माझ्या नाकात आजीच्या हातचं सातूचं पीठ! गूळ घालून कालवलेलं. तो रस तोंडात घेतला तर गोडमिट्ट.

मग उकळणं. पातेल्यावर तपकिरी फेस आला तसा मी सवयीने झारा शोधायला लागलो. गुऱ्हाळावर काहिलीची मळी काढलेला माणूस दुसरं काय करणार? त्यात कडवट हॉप्स घातले, रस थंड केला, यीस्ट सोडलं. मोजणीच्या नळीत १.०४८ आकडा दिसला. दोन आठवड्यांनी तोच १.०१२. म्हणजे मद्यांश पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. एकोणीस लिटर बीअर. थोडी गढूळ, फेस कमी, आणि मी आजवर प्यायलेल्या कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त माझी.

हे तिथे कायदेशीर आहे. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हापासून घरी पिण्यापुरती, न विकता, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन बीअर कर न भरता करता येते. ब्रिटनने घरच्या बीअरसाठी लागणारा परवाना १९६३ सालीच काढून टाकला. दोन्ही देश बुडाले नाहीत.

परत आलो तेव्हा डोक्यात एकच. हे आपल्या ज्वारीचं करून बघायचं. मालदांडीचं! बालाघाटाच्या काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारी ज्वारी ती. सातू इथे कोण पेरतं? शिवाय ज्वारीची बीअर ही काही माझी खुळचट कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेत बायका मका आणि ज्वारीची पिढ्यान् पिढ्या करतात. नायजेरियाने १९८८ साली बाहेरून सातूचं माल्ट आणायला बंदी केली, तेव्हा तिथले मोठाले कारखाने ज्वारी-मक्यावर आले आणि चालले.

ज्वारी थोडी हट्टी आहे, हे सांगायला हवं. तिचा स्टार्च फुलायला सातूपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि त्या उष्णतेला पाचकं मरतात. म्हणून काही पीठ आधी वेगळं शिजवून, निववून मग माल्टमध्ये घालावं लागतं. दुसरं, ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार होतं. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको, कोवळ्या फुटव्यावर जनावर सोडू नये हे त्याचं पोरगंही सांगेल. मोड वाळवून, कोंब आणि मुळ्या चोळून पाखडून टाकायच्या, मगच दाणा भरडायचा. एवढं सगळं मी वाचून, लिहून, समजून घेतलं.

पुढे काय केलं? काही नाही. कारण आपला दारूबंदी कायदा.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यात. १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि मागोमाग हा कायदाही आमच्याकडे आला. पुढे नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' झालं, आत फारसं हललं नाही. नाव दारूबंदी, आणि गल्लोगल्ली परमिट रूम! या कायद्याने नुसतं प्यायलाही परवाना लागतो. आणि कलम ६५ म्हणतं की परवान्याशिवाय मादक पेय बनवणं गुन्हा, त्यासाठी साहित्य आणि भांडी बाळगणंही गुन्हा.

"त्यासाठी" हा शब्द बघा. मोड आणून वाळवलेली नाचणी म्हणजे बाळाचं सत्त्व. मोड आणून वाळवलेली ज्वारी, पातेलं, थर्मामीटर आणि माझ्या डोक्यातला विचार म्हणजे गुन्ह्याचं साहित्य. डबा तोच, फडताळ तेच.

एका सरकारी कचेरीत जाऊन मी सरळ विचारलं, घरी पिण्यापुरती बीअर करायला कुठला अर्ज भरायचा? समोरच्याने चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, दुकानात थंड मिळते की!" पलीकडच्या टेबलावरचा म्हणाला, "कारखाना टाकायचा असेल तर बोला." इथेच माझं डोकं फिरलं. कारखाना टाकायचा असेल तर बोला!

आता जरा हिशोब मांडू. २००१ साली सरकारने द्राक्षापासून वाइन करायला खास धोरण आणलं, सवलती दिल्या. २००७ साली धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं, आणि तेव्हा नाव कुणाचं पुढे केलं? ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचं! जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला (ओरड झाल्यावर तो तसाच राहिला), तेव्हाही तोंडी शेतकरीच. म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने दारू निघावी, विकली जावी, तिच्यावर अनुदान मिळावं, कर मिळावा, हे सगळं नीतीत बसतं. त्या शेतकऱ्याने स्वतःच्या कणगीतली पाच किलो ज्वारी स्वतःच्या पातेल्यात आंबवली की मात्र संस्कृती धोक्यात.

आणि संस्कृतीचं म्हणाल तर कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. सुराध्यक्षाचं अख्खं प्रकरण आहे. पाणी, तांदूळ, किण्व यांची मापं दिली आहेत. मद्याच्या धंद्यावर सरकारचा ताबा कडक, पण कुटुंबाला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा करायची मोकळीक आणि उत्सव-यात्रांना चार दिवसांची सूट. हा काही लाडावलेला राजा नव्हता. पै-पैचा हिशोब ठेवणारा होता. त्यालासुद्धा घर आणि गुत्ता यांतला फरक कळत होता.

"मग उद्या हातभट्टीही मोकळी करा म्हणाल!" नाही म्हणणार. भट्टी म्हणजे ऊर्ध्वपातन, आणि तिथे एका घोटात किती जातं याला धरबंध नाही. मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. धान्य नुसतं आंबवल्याने कुणी आंधळं होत नाही. बिघडली तर बीअर आंबट होते, फार तर पोट बिघडतं. पण कायद्याच्या एकाच कलमात भट्टीवाला आणि मी शेजारी बसतो.

हे सगळं मी दिवाळीत आईला ऐकवलं. जोरात, हातवारे करून. तिने भाजी निवडत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबाच्या घरात पिंप बसलं असतं तर?"

आबा कारखान्याच्या उचलीवर कर्नाटकात ऊसतोडीला जायचे. आंबिलीवर हसणारे तेच आबा. उचलीतले किती पैसे गुत्त्यावर गेले आणि काकूने कोयता धरून किती हंगामात ते फेडले हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. गावात आडव्या बाटलीचं मतदान घ्यायचं ठरलं तेव्हा सह्यांसाठी काकूच दारोदार फिरली होती. आई पुढे म्हणाली, "दुकान बायकांनी बंद करता येतं. घरातलं पिंप कसं बंद करणार? आणि पाणी कुणी आणायचं त्याला?"

पाण्याचं ती खोटं बोलत नव्हती. एकोणीस लिटर बीअरला, भांडी धुण्यासकट, मी ओहायोत नळ सोडून दीडशे लिटर तरी पाणी घालवलं असेल. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि त्याच महिन्यात औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करा असं सांगावं लागलं होतं.

मी गप्प बसलो. पण माझा मुद्दा सोडला नाही, आजही सोडलेला नाही. काकूचं जे झालं ते बंदी असतानाच झालं ना? गुत्ता होता, भट्टी होती, हप्ता होता, कलम ६५ ही होतं. त्या कलमाने काकूला वाचवलं नाही, सह्यांनी थोडंफार वाचवलं. मग माझं म्हणणं एवढंच आहे: विक्री नको, भट्टी नको, वर्षाला घरटी ठरावीक लिटर, ग्रामपंचायतीत नाव लिहून. आणि घरातल्या बाईची सही. ती तिने कधीही मागे घ्यावी, कारण न सांगता. हे कागदावर येईल तेव्हा पहिला अर्ज माझा.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आधी तुझ्या बायकोची सही आण." बायकोने अजून काही सांगितलेलं नाही. यंदा येळवशीला मात्र बिंदगी मीच भरली. दुसऱ्या दिवशी कान लावला. चुरचुरत होती. आईनेही लावला, एक घोट घेतला आणि म्हणाली, लसूण कमी पडलाय.