घरचें आरोग्य : रसाहारांत काय प्यावें?

आषाढ लागला कीं आमच्या घरीं उपवासाचीं बोलणीं सुरू होतात. एकादशीला साबूदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी व बटाट्याची भाजी असा थाट मांडावयाचा आणि संध्याकाळीं पोट जड झाल्याची तक्रार करावयाची, हा आमचा परिपाठ पाहून घरांतील तरुण मंडळी हंसतात; तें हंसणें अगदींच अन्यायाचें आहे असें म्हणवत नाहीं. गेल्या वर्षीं सासूबाईंनींच हा परिपाठ मोडला. "यंदा एकादशीला मी नुसत्या रसावर राहणार," असें त्यांनीं जाहीर केलें. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी रोजची. डॉक्टरांना विचारलें, त्यांनीं एका दिवसापुरती मोकळीक दिली व गोळी चुकवूं नये असें बजावलें. मग उरला तो एकच प्रश्न : प्यावयाचें काय?

घरांत सल्लागारांची वाण नव्हती. भाऊजींनीं शहाळें सुचविलें, धाकट्या जाऊबाईंनीं मोसंबीं, शेजारच्या काकूंनीं दुधी. दुधी उपवासाला चालतो कीं नाहीं, या वादांत अर्धा तास गेला; अखेरीस बहुमतानें सकाळचा रस दुधीचाच ठरला.

एकादशीच्या सकाळीं सूनबाईनें दुधी चिरला आणि रस काढण्यापूर्वीं एक लहानशी फोड तोंडांत घातली. तें पाहून माझ्या तोंडून निघून गेलें, "अगं, देवाला दाखवण्याआधीं चव कसली घेतेस?" तिनें फोड थुंकून टाकली, चूळ भरली आणि शांतपणें म्हणाली, "आई, दुधी कडू आहे. हा रस मी आजींना देणार नाहीं." देवघरांतून सासूबाईंचा आवाज आला, "कडू असला म्हणून काय झालें? औषध कडूच असतें. डोळे मिटून एका घोटांत घेईन." मीही रागावलें. लग्न होऊन आठच महिने झालेली मुलगी. पण ती हटली नाहीं. दुधी केरांत गेला. सासूबाईंनीं शहाळ्याच्या पाण्यावर वेळ भागविली, आणि दिवसभर आम्हां तिघींत बेताचेंच बोलणें झालें.

दुपारीं मीं या गोष्टीची माहिती काढली, तेव्हां मला घाम फुटला. दुधी, काकडी, पडवळ, दोडका हीं सारीं एकाच कुळांतलीं. या कुळांतील वनस्पतींत कुकर्बिटासिन नांवाचीं कडू द्रव्यें असतात. आपल्या रोजच्या भाज्यांत तीं नगण्य असतात. पण एखाद्या फळांत मात्र तीं फार वाढतात. बाहेरून तें फळ इतरांसारखेंच दिसतें; ओळख पटते ती जिभेलाच. असा रस पोटांत गेल्यास पोटदुखी, ओकाऱ्या, जुलाब, क्वचित् रक्ताची ओकारीही होते व रक्तदाब एकदम उतरतो. त्यावर नेमका उतारा नाहीं. रुग्णालय गांठणें हाच उपाय. आपल्या देशांत अशा रसानें माणसें दगावलीं, तेव्हां भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सल्ला अगदीं घरगुती आहे : रस काढण्यापूर्वीं लहानशी फोड चाखावी, कडू लागल्यास फळ टाकून द्यावें, आणि दुधीच्या रसांत दुसरा रस मिसळूं नये. मिसळल्यानें कडवटपणा लपतो, विष लपत नाहीं. शिजविल्यानेंही तें जात नाहीं. (कारल्याचा कडूपणा निराळा, तो त्याचा स्वभावच आहे.)

भगिनींनो, आपल्याला दोन शिकवणी लहानपणापासून मिळालेल्या असतात. नैवेद्यापूर्वीं चाखूं नये, ही एक. आणि कडू मुकाट्यानें गिळावें, ही दुसरी. दोन्ही आपापल्या जागीं चांगल्या. परंतु रसाच्या पेल्यापाशीं त्या एकत्र आल्या म्हणजे घात होतो : करणारी चाखत नाहीं आणि पिणारी थुंकत नाहीं. व्रताचें पुण्य सोडण्यांत आहे, गिळण्यांत नाहीं.

या बाबतींत गांधीजींचें उदाहरण मननीय आहे. १९३२ च्या सप्टेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांत त्यांनीं उपवास केला, तेव्हां ते पाण्यांत मीठ व सोडा घालून घेत. पुढें १९४३ सालीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, आगाखान पॅलेसमध्यें १० फेब्रुवारीपासून २१ दिवसांचा उपवास करावयाचा ठरला, तेव्हां पाणी घशाखालीं उतरावें म्हणून त्यांत लिंबाच्या जातीच्या फळांचा रस घालीन, असें त्यांनीं अगोदरच उघडपणें कळविलें होतें. उपवासाच्या बाबतींत इतका कठोर पुरुष, पण काय प्यावें हें शरीराला विचारून ठरविण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

तेव्हां पेला भरण्यापूर्वीं प्रथम पिणारें माणूस पाहावें. संत्र्याच्या एका पेल्यांत सुमारें चार चमचे साखर असते, आणि चोथा गाळून टाकल्यामुळें ती रक्तांत लौकर उतरते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीं डॉक्टरांच्या संमतीवांचून रसाहार करूंच नये; रस घेतल्यानें साखर चढते, आणि गोळी घेऊन पोट रिकामें राहिल्यास ती धोक्याइतकी उतरते. शहाळ्यांत साखर कमी, पण पोटॅशियम पुष्कळ. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना तें वर्ज्य समजावें. पालक व बीट यांचे रस पेल्यामागून पेले घेतल्यास त्यांतील ऑक्झलेट मूत्रपिंडास बाधतें. बाटलींतलें अमृतकोकम म्हणजे बहुतांशीं साखरेचा पाकच. त्यापेक्षां आमसुलें भिजवून मीठ-जिरें घातलेलें पाणी बरें. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या मातांनीं व मुलांनीं या वाटेला जाऊंच नये. प्रकृति धडधाकट असेल तर एक दिवस लिंबू-मिठाचें पाणी, शहाळें, अर्धें पाणी घातलेला मोसंब्याचा ताजा रस व चालत असल्यास पातळ ताक एवढें पुरे. 'शरीरांतील विष धुऊन काढण्यासाठीं' आठवडाभर रसावर राहण्याचें प्रयोजन नाहीं. तें काम यकृत आणि मूत्रपिंडें रोजच करीत असतात.

त्या रात्रीं मीं सूनबाईला जवळ बोलावून माझी चूक कबूल केली. ती नुसती हंसली. सासूबाई मात्र कांहीं बोलल्या नाहींत. पण यंदा एकादशीच्या सकाळीं त्याच स्वयंपाकघरांत आल्या, सूनबाईपुढें काकडी ठेवली आणि म्हणाल्या, "आधीं तूं चाखून सांग, मग मी देवाला दाखवीन."