रेस्टमध्ये मेसेज कशाला?



पूर्वी कॉल बॉय बुक घेऊन दारात यायचा. ड्रायव्हर, गार्ड वेळ टाकून सही करायचे. माणूस किती वाजता उठवला याचा पुरावा राहायचा. आता रात्री अकराला साहेबांचा मेसेज ग्रुपवर पडतो. सही नाही, नोंद नाही, ओव्हरटाईम तर नाहीच. सकाळी मात्र जाब : मेसेज का पाहिला नाही?

रेल्वे अधिनियम १९८९, कलम १३३ वाचा. कंटिन्युअस रोस्टरवाल्याला आठवड्यात किमान सलग ३० तास विश्रांती आहे. 'सलग' हा शब्द कायद्याचा आहे, आमच्या पदरचा नाही. दर दोन तासांनी फोन वाजला तर तो सलग कसा?

पोस्टातल्या भावांना खाती किती उघडली, हे जेवणाच्या ताटावर विचारतात. भगिनींचा खाजगी नंबर न विचारता ग्रुपवर जातो आणि भलत्या वेळी भलत्याचा 'गुड नाईट' येतो. हा कसला कार्यालयीन कारभार?

फ्रान्समध्ये २०१७ पासून यावर कायदा आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी खासगी विधेयक मांडले. कायदा झालेला नाही.

अपघात झाला की आम्ही अंथरुणातून उठून धावतो, ते कुणी शिकवायला नको. पण रोजचा हुकूम लेखी द्या, नाहीतर खात्याच्या सीयूजी फोनवर द्या. रेस्टमध्ये बोलावले तर रोस्टरला नोंद करा.

खाजगी फोनवरचा मेसेज वाचला नाही म्हणून कुणाला चार्जशीट आली, तर ती शाखा कार्यालयात आणून द्यावी. उत्तर आम्ही लिहू.